ओवाळणीत मागितलेला पगार

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर हाताने लिहिलं ते वाण्याची यादी आणि खानावळीतल्या मुलांचे खाडे, एवढंच. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण उद्या चुकून मुलीच्या हाती पडलं तर तिने वेलांट्यांना हसावं, चालेल. लिहिलेलं मात्र खोडू नये.

मी मिरजेची. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. घराच्या पुढच्या खोलीत मी खानावळ चालवायचे, कॉलेजची मुलं जेवायला यायची. मला माणसांसमोर बोलता येत नाही. मुलं जेवायला बसली की मी आत चपात्या लाटत बसायचे आणि आमटी हवी का विचारायला मुलीला बाहेर पाठवायचे. पाहुणे आले तरी मी दाराआडून बोलणारी. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी रडले होते, हे सासरची माणसं अजून सांगतात आणि हसतात. अशा बाईने मेलबर्नमध्ये भरल्या हॉटेलात तोंड उघडलं. त्यावरून घरात मला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. म्हणून माझी बाजू मी इथे लिहून ठेवते.

मुलगी स्वयंपाकाचं शिकायला ऑस्ट्रेलियाला जाणार म्हटल्यावर गल्लीत हसले. "आईकडं फुकट शिकली असती की," शेजारीण म्हणाली. मी तिला चहा दिला. शेजारणीला काय सांगणार? खानावळीत आयुष्य गेलं तरी मला कुणी कधी आचारी म्हटलं नाही. मावशी म्हटलं, काकू म्हटलं. माझ्या मुलीला ते नाव कागदावर हवं होतं आणि मला तिच्यासाठी ते हवं होतं.

तिथली पद्धत मला मुलीने समजावली ती अशी. शिकून झालं की काही काळाचा व्हिसा मिळतो. त्या काळात जे शिकलो तेच काम वर्षभर पगारावर करून दाखवायचं. भांडी घासलेली, कांदे सोललेले धरत नाहीत, काम आचाऱ्याचंच हवं. तास लिहायचे, पगाराच्या स्लिपा जोडायच्या, मालकाने सही करायची. ते वर्ष मान्य झालं तर पुढे पीआरला अर्ज करता येतो, म्हणजे कायमचं राहता येतं. मान्य झालं नाही तर शिक्षणाचा खर्च, ती वर्षं, सगळं सोडून परत यायचं. तिचं सगळं त्या एका वर्षावर अडकलं होतं.

ते वर्ष अर्धंअधिक झालं होतं तेव्हा मी व्हिजिटर व्हिसावर तिच्याकडे गेले. ऑगस्ट महिना, हाडं गोठवणारी थंडी. डँडेनॉन्गला एका घरात तिची खोली होती, बाकीच्या दोन खोल्यांत पंजाबी मुली. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. पहिल्या आठवड्यातच मुलगी म्हणाली, "आई, चल, मामांनी तुला बोलावलंय."

मामा म्हणजे तिचा मालक. आपल्याच बाजूचा माणूस, साताऱ्याकडचा. पाच-सहा मुलं-मुली त्याच्या रेस्टॉरंटमध्ये कामाला होती आणि सगळी त्याला मामाच म्हणायची. त्यानेच तशी सवय लावली होती. मी दारातून आत पाऊल टाकतेय तोवर तो स्वतः बाहेर आला.

"या ताई, या! थंडी बाधली नाही ना? बसा. मिसळ खाणार? आमची मिसळ खाऊन इथले गोरे रडतात आणि परत मागतात."

मी मान खाली घालून हसले. त्याच्या बायकोने चहा आणला. तिला मी वहिनी म्हणायला लागले. बोलता बोलता तो म्हणाला, "ताई, परवा राखी आहे. मला इथं कोण आहे सांगा? बहीण साताऱ्यात, ती व्हॉट्सअ‍ॅपवर राखीचा फोटो पाठवते. फोटो काय मनगटाला बांधू? तुम्ही बांधा."

मला भरून आलं. परक्या देशात कुणी एवढा मान देईल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानातून राखी आणली, तिसऱ्या दिवशी बांधली, त्याने पाकीट दिलं. घरी फोन करून मी यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरं झालं. तुला तिथंसुद्धा माहेर मिळालं."

मुलगी कामाला गेली की मी जवळच्या सेंटरमध्ये बायकांच्या इंग्रजीच्या वर्गाला जायचे. फुकट असतो. अफगाणी बायका, व्हिएतनामच्या, सुदानच्या. सगळ्या मोडकं बोलायच्या, मी तेवढंही बोलत नव्हते. बाई विचारायच्या, "हाऊ आर यू टुडे?" आणि मी मान हलवायचे. पण ऐकून ऐकून बरंच कळायला लागलं.

एका गुरुवारी मला बाजारात जायचं होतं म्हणून मुलीबरोबर निघाले. रेस्टॉरंटच्या अलीकडे एटीएम आहे. तिने तिथे थांबून पैसे काढले, नोटा टिश्यूत गुंडाळल्या आणि जॅकेटच्या आतल्या खिशात घातल्या. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. मालक गल्ल्यावर होता. तिने टिश्यूची घडी पुढे केली, त्याने ती न उघडता ड्रॉवरमध्ये सारली आणि मला म्हणाला, "ताई, आज पाटवड्या केल्यात, घेऊन जा."

पाटवड्या मी घेतल्या. बाहेर आल्यावर मुलीला विचारलं, "त्यांच्याकडून उसने घेतले होतेस का?"

"नाही."

"मग कसले दिलेस?"

"ते द्यायचे असतात. दर गुरुवारी. तू जा आता, मला उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. मी कणीक मळत होते, ती समोर बसली होती. मी पुन्हा विचारलं तेव्हा कुठे बोलली. पगार बँकेत कायद्याप्रमाणे पूर्ण जमा होतो, स्लिपही पूर्ण पगाराची मिळते. मग त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा रोख काढून मालकाला परत द्यायचा.

"का?"

"कारण ते वर्ष झाल्यावर सही देणार आहेत. आणि स्लिपवर कुक लिहितात. दुसऱ्या ठिकाणी किचन हँड, म्हणजे हरकाम्या, लिहितात आई, मग काहीच धरत नाहीत. माझ्या वर्गातल्या एकीचा मालक तर निम्मा घेतो."

"ती निम्मा देते म्हणून तू तिसरा हिस्सा द्यायचा?"

"तुला इथलं कळत नाही."

"मला खानावळीतलं कळतं. माझ्या हाताखाली दोन बायका होत्या. एकीला तरी पगार देऊन परत मागितला का मी?"

"तू पीआर देत होतीस का त्यांना?" असं म्हणून ती उठून गेली.

कणकेचा गोळा तसाच परातीत राहिला. मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला, तर त्या मामा म्हणण्याचा. गोऱ्या मालकाकडे असती तर पहिल्याच गुरुवारी तिने तोंडावर विचारलं असतं. कॉलेजने तिला विचारायला शिकवलं होतं. पण मामाला कसं विचारायचं? मामाकडे भाचीने हिशोब मागितला तर आपल्याकडे भाचीलाच लाज वाटते. तेवढं कमी म्हणून मी विमानातून उतरून त्याच्या मनगटाला राखी बांधली होती. आता ती मालकाशी भांडली तर आईच्या भावाशी भांडल्यासारखं होणार होतं. त्याने ते ओळखून मागितलं की सहज, हे देव जाणे. मला तर ओळखूनच वाटतं.

यांना फोन केला. हे म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस. चार महिने राहिलेत. पोरीची सही अडेल."

"आणि पैसे?"

"पैशाचं काय घेऊन बसलीस? एसटीत आम्ही काय कमी सोसलं?"

"तुम्ही पगार घेऊन साहेबाला परत द्यायला जात होता का?"

हे म्हणाले, "ऑस्ट्रेलियात जाऊन पुढारी झालीस तू."

त्यानंतर दिवाळीपर्यंत मी गप्प होते. दर गुरुवारी घडी जायची आणि दर गुरुवारी माझ्यासाठी काहीतरी बांधून यायचं. कधी वड्या, कधी मसालेभात. मी ते खाल्लं नाही. पंजाबी मुलींना देऊन टाकायचे. त्या म्हणायच्या, "आंटी, आपके भाई बहुत अच्छे हैं." मी मान हलवायचे, इंग्रजीच्या वर्गात हलवते तशीच.

दिवाळीत मालकाने भाऊबीज रेस्टॉरंटमध्येच ठरवली. दुपारी, गिऱ्हाईक यायच्या आधी. ओळखीची चार-पाच कुटुंबं बोलावली, कामाची मुलं होतीच. टेबलं बाजूला सारून पाट मांडला, भोवती रांगोळी. वहिनींनी मला फोन केला, "ताई, त्यांना ओवाळायला तुम्हीच हव्यात. फेसबुकवर लाईव्ह टाकायचंय."

मुलगी म्हणाली, "येशील ना? नाही आलीस तर बरं दिसणार नाही."

"येते की," मी म्हणाले.

खरं सांगते, घरातून निघताना मी काही ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर भीतीने गेलेच नसते. तो नवा सदरा घालून पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. आजूबाजूला सात-आठ फोन वर झाले होते. त्याने ताटात पाकीट टाकलं आणि सगळ्यांकडे बघत मोठ्याने म्हणाला, "ताई, हे नुसतं शकुनाचं. खरी ओवाळणी तुम्ही मागा. लाजू नका. भाऊ आहे, म्हणाल ते देणार."

एक बाई हसत म्हणाल्या, "मागा हो ताई, अशी संधी पुन्हा येत नाही. सोनं मागा!"

माझ्या हातात ताट होतं. मी ताट खाली ठेवलं नाही. म्हणाले, "दादा, सोनं नको. दर गुरुवारी माझ्या मुलीच्या पगारातले पैसे तुमच्याकडे परत येतात. ते यापुढे घेऊ नका. आणि आतापर्यंत घेतलेत ते तिला द्या. तेवढीच ओवाळणी द्या मला."

आवाज लहानच होता माझा. पण तिथे एवढी शांतता झाली की लहान आवाज पुरला.

त्याचा चेहरा आधी हसराच राहिला, जसा होता तसा. मग तो आणखी हसला. "अहो ताई, एवढंच ना? घरातलेच पैसे ते. मी कुठं पळून चाललोय? देऊ की सगळे!"

"सगळे?"

"सगळे. शब्द दिला."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांना काही कळलं नसावं. वहिनींनी फोन खाली केला. माझी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिचं काही चोरलं होतं.

त्या रविवारी पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा रोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्यात तिचं नाव नव्हतं. तिने फोन केला तर मालक म्हणाला, सध्या धंदा कमी आहे, बघू, कळवतो. दुसऱ्या आठवड्यातही नाव नव्हतं.

"झालं समाधान?" मुलगी म्हणाली. "तास थांबले. सहीपण गेली. दोन महिन्यांसाठी तुला गप्प बसवत नव्हतं? जन्मभर गप्प बसलीस, नेमकं इथं बोलायचं होतं?"

मी म्हणाले, "हो. इथंच बोलायचं होतं."

"तुझं काय जातंय? तू मिरजेला परत जाशील."

ते खरं होतं. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. एका खोलीत राहून आम्ही वेगवेगळ्या वेळी जेवायला लागलो. मिरजेहून हे रोज फोनवर म्हणायचे, "जाऊन माफी माग त्याची." मी म्हणायचे, "मागणार नाही." एरवी मी यांच्याही शब्दाबाहेर नाही. पण या वेळी मला अजिबात वाटत नव्हतं की माझं चुकलं. मुलीचं नुकसान झालं हे दिसत होतं. पण ते नुकसान माझ्या बोलण्याने झालं की त्याच्या घेण्याने? सगळे मलाच विचारत होते, त्याला कुणीच विचारत नव्हतं.

इंग्रजीच्या वर्गात माझ्याशेजारी एक अफगाणी बाई बसायची. माझं तोंड बघून तिने विचारलं, काय झालं. हिंदी सिनेमे बघून तिला हिंदी येत होती. मी तिला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, तिच्या नवऱ्याचंही मशरूमच्या शेतावर असंच झालं होतं. सरकारची कामगारांसाठी कचेरी आहे, फोन करायचा. "मुझे अंग्रेजी नहीं आती," मी म्हणाले. तर ती हसली. "मुझे आती थी? फोन पे तर्जुमान देते हैं." म्हणजे दुभाषी. आपली भाषा सांगायची, सरकार माणूस जोडून देतं, पैसे लागत नाहीत.

मराठीसुद्धा देतात यावर माझा विश्वास बसेना. वर्गाच्या बाईंनी नंबर लावून दिला, फक्त "मराठी, प्लीज" एवढं मी म्हणायचं होतं. ते म्हणायला मला तीनदा पाणी प्यावं लागलं. मग वाट बघायची गाणी, आणि मग एकदम एका बाईचा आवाज, "नमस्कार. मी दुभाषी आहे. आपण जे बोलाल ते मी सगळं इंग्रजीत सांगेन. आपण थोडं थोडं बोला."

मला कुणी आपण म्हणत नाही. मी थोडं थोडं बोलले. माझी मुलगी आचारी आहे. मालक पगार देतो आणि परत घेतो. मी सगळ्यांसमोर मागितले म्हणून तिचं काम बंद केलं. मी एक वाक्य बोलायचे आणि ती बाई ते इंग्रजीत म्हणायची, न अडखळता, न लाजता. माझं बोलणं असं ताठ मानेने चाललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. सवय झाली तशी मीही जरा मोठ्याने बोलायला लागले.

कचेरीतला माणूस म्हणाला, हे घेणं चूक आहे, पण तक्रार मुलीने स्वतः करायला हवी. आणि तक्रार केली एवढ्यावरून कुणाचा व्हिसा काढून घेत नाहीत. व्हिसाचं बाकीचं तिने जाणकाराला विचारून घ्यावं. काही पुरावा आहे का, त्याने विचारलं. मी म्हणाले, भाऊबीजेचं शूटिंग आहे. दुभाषी बाई एवढा वेळ यंत्रासारखी बोलत होती, ती इथे अडली. भाऊबीज म्हणजे काय हे तिने त्याला बराच वेळ समजावलं. त्यानंतर तो माणूस म्हणाला, व्हिडिओ जपून ठेवा.

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग उठून बसली. "तू फोन केलास? तू?"

"दुभाषी होती."

"काय म्हणालीस तिला?"

"माझी मुलगी आचारी आहे म्हणाले."

तिने डोळे पुसले, पण माझ्याशी गोड बोलली नाही. म्हणाली, "मला आधी मायग्रेशन एजंटला विचारू दे. तू आता कुणाला फोन करू नकोस."

एजंट सिडनीला ब्लॅकटाउनला बसतो, फोनवरच बोलला. त्याने जे सांगितलं ते ऐकून मुलीचा रंग उडाला. पगार परत दिलेला असेल तर ते पूर्ण पगाराचं काम होत नाही. उद्या तपासात निघालं तर अख्खं वर्षच धरणार नाहीत, आणि लपवलं म्हणून वर आणखी अडचण. मालकाने पैसे पूर्ण परत केले, त्याची नोंद झाली, तर मात्र ते वर्ष तिचं खरं वर्ष आहे असं दाखवता येईल. म्हणजे चार महिने गप्प बसून सही मिळाली असती तरी ती सही कच्चीच होती. मी तिला "बघ, मी सांगत होते" असं म्हणाले नाही. यांना मात्र फोनवर म्हणाले.

मुलीने तक्रार केली. बँकेचे कागद काढले, त्यात दर गुरुवारी त्याच एटीएममधून तेवढीच रक्कम. भाऊबीजेचा व्हिडिओ वहिनींनी फेसबुकवरून काढून टाकला होता. पण त्या दिवशी जी बाई मला सोनं मागा म्हणाली होती, तिच्या स्वतःच्या फोनमध्ये तो होता. मुलीने भीत भीत मागितला. तिने लगेच पाठवला आणि वर लिहिलं, "ताईंना सांगा, मी घरी जाऊन नवऱ्याला पुन्हा पुन्हा दाखवला."

कचेरीने दोघांना फोनवर समोरासमोर आणलं. मुलगी पलंगावर बसून, फोन स्पीकरवर. मी दाराशी. मालक इंग्रजीत बोलत होता, आवाज दुखावलेला. या मुलीला मी घरच्यासारखं वागवलं, मला ती भाचीसारखी आहे, तिची आई मला राखी बांधते, पैसे ती स्वतःच प्रेमाने द्यायची. एवढं मला कळलं. कचेरीतल्या माणसाने मुलीला विचारलं, तुला काय म्हणायचंय.

ती आधी माझ्याकडे बघत होती. मग फोनकडे बघून म्हणाली, "आय अ‍ॅम नॉट हिज नीस. आय वॉज हिज कुक."

त्यानंतर तिने न थांबता सांगितलं. ती रोज काय काय करायची, किती ग्रेव्ह्या, तंदूर कोण सांभाळायचं, मेन्यूतल्या कुठल्या गोष्टी तिने सुरू केल्या. मालक मध्ये "बेटा, बेटा" करत होता. ती थांबली नाही. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. एवढं मोठं वाक्य मीही तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आमच्या घरात सगळ्याच कमी बोलणाऱ्या.

मालकाने हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचं कबूल केलं, आणि तिने किती महिने कुक म्हणून काम केलं त्याचं पत्रही दिलं. नाही म्हणायला त्याला जागाच राहिली नव्हती, शब्द त्याचाच व्हिडिओत होता. राहिलेले तास मुलीने दुसरीकडे पुरे केले. एका पबच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथली मुख्य आचारी एक धिप्पाड गोरी बाई आहे, दिवसभर शिव्या देते, पण पगारातलं एक सेंट परत मागत नाही. मुलगी म्हणते, "आई, तिला मी कधीच मामी म्हणणार नाही."

हप्ते येत राहिले. शेवटचा हप्ता आला तो कमी आला. मुलीने विचारलं तर मालकाने उत्तर पाठवलं की ती कामावर असताना रोज जेवायची, त्या जेवणाचे कापले आहेत.

मुलगी थकली होती. म्हणाली, "जाऊ दे आई. थोडेच आहेत. संपव आता."

"ताटावर बसून जेवत होतीस का?"

"छे. ओट्याशी उभ्याने. जे उरेल ते."

"मग जाऊ द्यायचं नाही. उरलेलं अन्न खाणाऱ्याला मी कधी पैसे लावले नाहीत, आणि तू लावून घ्यायचे नाहीत. लिही त्यांना."

"तू इथून परत जाताना तरी मला शांततेने जगू देशील का?"

"पैसे पूर्ण आले की देईन."

ती चिडून हसली आणि तिने लिहिलं. मालकाला लिहिलं, कचेरीलाही लिहिलं. एजंट पीआरची फाईल घेऊन थांबला होता, शेवटची नोंद आली की पाठवणार म्हणत होता. मध्ये काही दिवस गेले. माझा व्हिसा संपत आला होता, बॅग अर्धी भरली होती. यांचा फोन आला की विचारायचे, "आले का?" आता हेसुद्धा माघार घे म्हणत नव्हते.

सकाळी मी पोहे करत होते तेव्हा मुलीचा फोन वाजला. तिने बघितला आणि म्हणाली, "आले."

"किती?"

"राहिलेले."

"सगळे का? बघ नीट."

"आई, आले म्हटलं ना."

"मोज."

तिने ओट्यावर फोन ठेवला आणि पहिल्या हप्त्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे माझ्यासमोर मिळवून दाखवले. मी प्रत्येक आकड्याला मान न हलवता "हं" म्हणत होते. बेरीज जुळली. पैसे पूर्ण परत आले होते.